जगातल्या कुठल्याही कम्प्युटरवर

६ जानेवारी
तीन राजांचा सण. मोंतेविदेओतल्या झाडून सगळ्या पोरांना आज भेटी मिळाल्या. मला बायकोने, निबियाने, ही वही दिली, रोजचं वजन लिहायला. वजन काय, कुणीही लिहील. मी इथे इतिहास लिहिणार आहे.
संकल्प. एक, तेरोची नवी आवृत्ती कार्निव्हलच्या आधी. जगातल्या कुठल्याही कम्प्युटरवर बिल्ड झालीच पाहिजे. दोन, रोज सकाळी रामब्लावर समुद्राकाठी चालणं. तीन, यर्बाच्या पानांचा काढा आणि थर्मास लॅपटॉपपासून हातभर लांब.
आज चाललो नाही. सणाचा दिवस.

७ जानेवारी
तेरो का, हे लिहून ठेवतो. पुढे कुणी विचारलं तर हाताशी असावं.
माझी थोरली मेव्हणी ग्लाडिस आमच्या क्लबची अध्यक्ष. दर कार्निव्हलला क्लबच्या अंगणात मंच लागतो, तोंडं रंगवलेली मंडळं येतात आणि वर्षभर कुणी काय शेण खाल्लं ते ढोलाच्या तालावर गाऊन सांगतात. ग्लाडिसचे कान गेले. कानातलं यंत्र आहे, पण ढोल वाजला की त्यात नुसता ढोलच ऐकू येतो. काल जेवताना ती म्हणाली की गेल्या कार्निव्हलला मला एकही विनोद कळला नाही रे विल्मार, शेजारची हसली की मी हसायचे. मला लोकांबरोबर हसायचंय, लोकांकडे बघून नाही.
मला भरून आलं. मी तिथल्या तिथे शब्द दिला. तेरो म्हणजे माझं सॉफ्टवेअर : मंडळ गातं तसे गाण्याचे शब्द मागच्या पडद्यावर ओळ ओळ दिसतात. फुकट आहे, कुणीही घ्यावं. चौदा फेब्रुवारीला आमच्या मंचाची पहिली संध्याकाळ. तोवर नवी आवृत्ती तयार. वेळच वेळ आहे.

१२ जानेवारी
काम जोरात. तेरो आता जवळजवळ झालंच, राहिली ती स्क्रिप्ट. तेरोला इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या लायब्ऱ्या लागतात. अक्षरं काढायला एक, आवाजाला एक, पडद्याला एक. ज्याच्या त्याच्या कम्प्युटरवर त्या कुठे आहेत हे आधी शोधून काढते ती ही स्क्रिप्ट. ती सापडल्या म्हणाली तरच पुढे बिल्ड, म्हणजे सगळं जुळून तेरो तयार.
आज स्क्रिप्टला रंग दिले. लायब्ररी सापडली की हिरव्या अक्षरांत ‘सापडली!’ येतं. माझ्या लॅपटॉपवर सगळं हिरवंगार. दहादा चालवून बघितलं. बघतच राहावंसं वाटतं.
चालायला गेलो नाही. ऊन फार.

१९ जानेवारी
अदेमारचा मेल. हा आमच्या गल्लीतल्या मंडळाचा गाणी लिहिणारा. दिवसा बंदरात हिशेब बघतो आणि जानेवारीत कुणाशी धड बोलत नाही. गाणी तेरोत टाकायची म्हणून त्याने ते आपल्या अ‍ॅपलच्या कम्प्युटरवर बिल्ड करायला घेतलं. म्हणतो, लाल अक्षरं येतात आणि सगळं ठप्प. एररचा फोटो जोडलाय.
लोकांच्या एररचे फोटो मी उघडत नाही. त्याने स्वतःचं मत बिघडतं. उत्तर लिहिलं की बाबा रे, दोष तुझ्या कम्प्युटरचा आहे, माझ्याकडे सगळं हिरवं आहे.

२१ जानेवारी
अदेमार ऐकत नाही. तरी मोठ्या मनाने स्क्रिप्ट वाढवली. आता ती अ‍ॅपलच्या कम्प्युटरवर अ‍ॅपलच्या जागी शोधते, विंडोजवर विंडोजच्या जागी, आणि काही जागा मी नुसत्या अंदाजाने घातल्यात. स्क्रिप्ट तेरोपेक्षा लांब झाली. माझ्याकडे चालवली. हिरवी! म्हणजे सगळीकडे चालणार.

२९ जानेवारी, दुपार
महिन्याची एकोणतीस, म्हणून घरोघरी न्योकी. बरकतीसाठी ताटलीखाली नोट ठेवून बटाट्याचे गोळे खाताना निबियाने विचारलं, ही तुझी स्क्रिप्ट करते तरी काय? ती औषधाच्या दुकानात बसते, तिला सोपं करून सांगावं लागतं.
म्हटलं, समज, कुणालाही न्योकी करायच्यात. तर आधी बघायचं की घरात बटाटे आहेत का, मैदा आहे का. कुणाकडे मैदा ओट्याखाली, कुणाकडे फ्रिजवर. माझी स्क्रिप्ट प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाऊन बरोबर डबा हुडकते.
निबिया म्हणाली, आणि तू ती वापरून कुठे बघितलीस?
म्हटलं, आपल्याकडे.
ती म्हणाली, मग ती आपल्याच घरातला मैदा हुडकत असेल तर?
मी खूप हसलो. बिचारी. तीन वेळा न्योकी घेतल्या.

३० जानेवारी
आनंदाची बातमी! फिनलंडहून पिर्को नावाच्या बाईंचा मेल. त्या तिकडच्या एका गायनमंडळासाठी तेरो वापरतात. लिहितात की आधी बिल्ड होत नव्हतं, आता झालं. ‘विल्मार’ नावाचं फोल्डर करून त्यात अक्षरांची लायब्ररी ठेवली.
फिनलंडमध्ये माझ्या नावाचं फोल्डर! मी त्या बाईंना पाहिलेलंसुद्धा नाही. निबियाला मेल वाचून दाखवला. तिने तो माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. भारावली असणार.

२ फेब्रुवारी
ब्राझीलमधल्या कुणीतरी लिहिलंय की त्यानेही ‘विल्मार’ फोल्डर केलं. आणि अदेमारनेही! कालपर्यंत वाद घालत होता, आज त्याच्या कम्प्युटरवर माझं नाव. गाणी तेरोत टाकायला बसलाय. माणूस मनाने वाईट नाही.
जगाचा नकाशा आणून भिंतीवर टाचण्या टोचायचा विचार आहे.
संध्याकाळी रामब्लावर गेलो होतो, चालायला. समुद्राच्या देवीचा दिवस, किनाऱ्यावर तिला वाहिलेल्या मेणबत्त्या आणि कलिंगडं. एका बाकावर बसलो. तिथपर्यंत चाललोच की.

५ फेब्रुवारी
ग्लाडिसचा फोन. ती फोनवर ओरडते, कारण तिला वाटतं ऐकू येत नाही ते आपल्याला नाही, समोरच्याला. म्हणाली, अरे, क्लबच्या कम्प्युटरवर एकदा चालवून तर बघ, आयत्या वेळी माझी फजिती नको.
म्हटलं, ताई, क्लबचा कम्प्युटर कशाला? मी माझा लॅपटॉप घेऊन येतो. आणि चालवून बघायचं म्हणजे स्क्रिप्टवर अविश्वास दाखवणं झालं. ती म्हणाली, काय? मी मोठ्यांदा म्हटलं, होईल! ती म्हणाली, यंदा माझा भरवसा तुझ्यावर आहे हो. मग फोन ठेवून दिला.
मग स्क्रिप्ट पाच वेळा चालवली, अविश्वासाने नव्हे, नुसती बघायला.

९ फेब्रुवारी
निबियाही मागे लागली की क्लबात जाऊन ये. आज जाणार होतो. पण पावसाची चिन्हं होती.

१० फेब्रुवारी
पाऊस पडला नाही. शेजारच्यांनी अंगणात मांस भाजायला घेतलं आणि बोलावलं. नाही म्हणणं बरं दिसत नाही. उद्या नक्की.

१२ फेब्रुवारी, सकाळी
थर्मास लॅपटॉपपासून हातभर लांबच होता. हात मात्र थर्मासजवळ होता. सगळा गरम काढा बटणांत गेला. लॅपटॉपने एक आवाज केला आणि तो थंड पडला. यर्बाची पानं अजून बटणांतून निघतायत.

दुपारी
दुरुस्तीवाला म्हणाला, काका, याला आता नुसता नमस्कार करा.
घाबरायचं कारण नाही. तेरो इंटरनेटवर सुखरूप आहे. क्लबच्या कम्प्युटरवर उतरवायचं, स्क्रिप्ट चालवायची, सगळं हिरवं. ही स्क्रिप्ट लिहिली कशासाठी? खरं तर बरंच झालं. तिची ताकद आता लोकांना दिसेल.

१३ फेब्रुवारी
क्लब बंद. किल्ली ग्लाडिसकडे, ती केस कापायला गेलेली. उद्या मंचासाठी नटणार म्हणे. आम्ही दोघंही उद्याची वाट बघतोय.

१४ फेब्रुवारी, दुपारी चार, क्लबमधून
लाल.

साडेचार
पुन्हा लाल. कम्प्युटर बंद करून चालू केला. लाल. ग्लाडिस पहिल्या रांगेत आतापासूनच खुर्ची धरून बसलीय, नवे केस, लाल लिपस्टिक. माझ्याकडे बघून हात हलवते. मीही हलवतो.

पावणेपाच
आयुष्यात पहिल्यांदा एरर वाचला. अक्षरांची लायब्ररी सापडत नाही म्हणे. शोधलं कुठे, तर एकाच ठिकाणी : ‘विल्मार’ या फोल्डरात. ते नाही म्हटल्यावर स्क्रिप्ट तिथेच बसली. अंदाजाने घातलेल्या त्या सगळ्या जागा, अ‍ॅपलच्या, विंडोजच्या, त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही.
मग आठवलं. मागे एकदा पडद्यावर आमच्या स्पॅनिशमधल्या ‘न्ये’ या अक्षराच्या (ñ) डोक्यावरची वेलांटी उडत होती, आणि वेलांटी उडाली की ‘नवं वर्ष’ असं लिहिलेलं ‘नवं ढुंगण’ असं वाचलं जातं. क्लबात पाद्री उठून गेले होते. तेव्हा मी ती लायब्ररी स्वतः दुरुस्त करून माझ्या लॅपटॉपवरच्या माझ्याच नावाच्या फोल्डरात ठेवली होती. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तिचा पत्ता घातला होता. तात्पुरता.
म्हणजे ती आमच्याच घरातला मैदा हुडकत होती. निबियाला आत्ताच सांगायची घाई नाही.

पाच
दुरुस्त केलेली ती लायब्ररी काढ्यात बुडाली. आता तशीच कुणाकडून आणायची? तेरो वापरणाऱ्या लोकांच्या मेल-यादीवर मेल टाकला, क्लबच्या पत्त्यावरून. खाली नाव घातलं नाही. उगाच लोकांचा विश्वास डळमळायला नको.

पाच वाजून गेल्यावर
पिर्कोबाईंचं उत्तर लगेच आलं. शब्दाला शब्द लिहून ठेवतो. प्रिय क्लब, घाबरू नका, हे सगळ्यांचंच होतं. ‘विल्मार’ नावाचं फोल्डर करा आणि सोबतची, ठिपके-वेलांट्या न उडणारी लायब्ररी त्यात ठेवा, आम्ही सगळे तसंच करतो. विल्मार यांना दोन-तीनदा कळवून पाहिलं, पण ते फार खूश झाले, म्हणून मग आम्ही गप्प बसलो. माणूस चांगला आहे. तुम्हीही त्यांना बोलू नका.
खिडकीशी अदेमार उभा होता, अर्धं तोंड रंगवलेलं. त्याने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं. हसला नाही. नुसतं विचारलं, तू इथे तासभर शोधत होतास ते हेच फोल्डर ना?
मी फोल्डर केलं. स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने टाइप केलं. स्क्रिप्ट चालवली. हिरवी.
अदेमार म्हणाला, जरा सरक रे, शेवटच्या गाण्यात एक दुरुस्ती करायचीय.

१५ फेब्रुवारी
कालचं.
अंगण भरलं होतं. मी कोपऱ्यात कम्प्युटरशी. एक बटण दाबलं की एक ओळ पडद्यावर, हेच माझं काम. ढोल सुरू झाला. पहिला विनोद आला, लोक हसले आणि ग्लाडिसही हसली, लोकांबरोबर. शेजारणीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पुढच्या विनोदाला तिनेच शेजारणीला कोपराने ढोसलं. माझा जीव भांड्यात पडला. निबिया दुरून माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं तिचे डोळे भरले होते. माझे तर भरलेच होते.
मग शेवटचं गाणं. बटण दाबण्याआधी पुढची ओळ मला खाली बारीक अक्षरांत दिसते. ती दिसली.

घराघरांत फोल्डर एक, त्यावर विल्मारचं नाव,
विल्मारच्याच गल्लीत मात्र विल्मारला नाही ठाव!

अदेमार मंचावरून माझ्याकडेच बघत होता. बटण न दाबणं माझ्या हातात होतं. पडदा कोरा राहिला असता, बाकीचं अंगण हसलं असतं. ग्लाडिसने आधी पडद्याकडे बघितलं असतं आणि मग शेजारणीकडे.
दाबलं. विचार बदलायच्या आत दाबलं, म्हणून जरा लवकरच दाबलं गेलं. मंडळाने तोंड उघडायच्या आत ओळ पडद्यावर. अख्ख्या अंगणात सगळ्यात आधी ग्लाडिस हसली. एकटी. खुर्चीवर मागे रेलून, लिपस्टिक हनुवटीपर्यंत नेत. मग मंडळ गायलं आणि बाकीचे हसले, तोवर तिचं हसून डोळे पुसणं चाललं होतं.
नंतर तिने माझे गाल धरले. ओरडून म्हणाली, अरे गाढवा, किती वर्षांनी मी पहिली हसले!
मी म्हटलं, हो, तेरोची नवी आवृत्ती फार जलद आहे. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही.

१७ फेब्रुवारी
संकल्प : स्क्रिप्टची ती पहिली ओळ आजच काढून टाकायची.
पण आता फिनलंड, ब्राझील, अदेमार, क्लब, इतक्या लोकांनी फोल्डरं केलीयत. ओळ काढली तर त्यांची पंचाईत. सुरळीत चाललेल्यात उगाच कशाला हात घालायचा? त्यांच्यासाठी राहू दे.
चालायला गेलो नाही. नवा लॅपटॉप आला. निबियाने घेतला, म्हणून तिच्याच नावाने सुरू होतो, आणि त्यातलं फोल्डरही तिच्याच नावाचं. काढ्याचा थर्मास तिने कपाटात ठेवलाय, किल्ली तिच्याकडे.
नव्या लॅपटॉपवर मी सगळ्यात आधी काय केलं, ते इथे लिहीत नाही.
वजन : दीड किलो वाढलं.