कोणता खंड उघडायचा

सोमवार, ७ जुलै

सहावीला ज्ञानकोश बघायला शिकवायचं, असं मोठ्या बाईंनी ठरवून टाकलं. ग्रंथालय माझ्याकडे, म्हणून तासही माझा. सगळे खंड टेबलावर मांडले. आधी प्रश्न नक्की करा, त्यातला मुख्य शब्द धरा, मग अक्षर बघून खंड काढा — इतकं सोपं. कसलं सोपं! एकाने विचारलं, "हत्तीला ताप आला हे कसं कळतं?" आता हे हत्तीत बघायचं की तापात? मलाच कळेना. त्यात आमच्या कोशात 'अंक' सगळ्यात आधी. मुलं म्हणाली, बाई, अं तर स्वरांत शेवटी असतो. असं का, ते सांगता आलं नाही. घंटा झाली म्हणून सुटले.

भाचीही याच वर्गात, मागच्या बाकावर. शाळेत मला बाई म्हणते, घरी मावशी. ताई कसल्याशा प्रशिक्षणाला परगावी गेलीय, तोवर माझ्याकडे आहे.

मंगळवार, ८ जुलै

मधल्या सुट्टीत भाची ग्रंथालयात. 'म'चा खंड घेऊन. जवळ गेले तर मिटला. काय शोधतेस? "मोर." मोरासाठी एवढं दचकायचं काय?

गुरुवार, १० जुलै

दुसरा तास. नोंदीत उत्तर नसेल तर खाली 'पहा' म्हणून शब्द दिलेले असतात, तिकडे जायचं — हे शिकवलं. मुलं चंद्रावरून निघाली, भरती-ओहोटी, मग बंदर, मग मासेमारी. एकजण खेकड्यावर जाऊन बसला. हसून पुरेवाट.

भाचीपुढे 'मूत्रपिंड' उघडं होतं. तिथून ती 'अवयवरोपण'वर गेली. दोनदा वाचलं. मग हळूच, "बाई, देणाऱ्याबद्दल कुठे असतं?"

देणाऱ्याबद्दल म्हणजे?

"काही नाही."

शुक्रवार, ११ जुलै

पोरीला काहीतरी होतंय आणि ती सांगत नाहीये — कालपासून हेच डोक्यात. शाळा सुटल्यावर थेट डॉक्टरांकडे नेलं. पोट दाबून बघितलं, लघवी तपासली. ठणठणीत! "पाणी जरा जास्त पीत जा," एवढंच म्हणाले. येताना तिने विचारलं, "मावशी, तुला कधी मोठं आजारपण आलंय?" नाही म्हटलं. तिने मान हलवली, बरोबर उत्तर आलं की मी वर्गात हलवते तशी. माझी मती गुंग.

शनिवार, १२ जुलै

न राहवून ताईला फोन केला. उचलला भाऊजींनी. ताई प्रशिक्षणाला, मग तिचा फोन यांच्याकडे कसा? सारवासारव करायला लागले आणि मधेच थांबले. मग सांगितलं. ताई इस्पितळात आहे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. डायलिसिस चालू आहे. भाऊजींचं मूत्रपिंड तिला जुळत नाही.

"तुला सांगायचं नाही, अशी शपथच घातली होती तिने. म्हणाली, तिला कळलं तर ती मागचापुढचा विचार न करता स्वतःचं देऊन मोकळी होईल."

ताईचा राग आला. मग रडू. मग परत राग. आणि ही पोर एवढं सगळं पोटात ठेवून माझ्याशेजारी बसून भाजी निवडत होती.

निदान एक तरी कोडं सुटलं. ती आईसाठी शोधत होती.

रविवार, १३ जुलै

चूक. सकाळी तिला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, "आईचं सगळं डॉक्टर सांगतात. मी तुझं बघत होते, मावशी. तू दिलंस तर तुला काय होतं ते."

सापडलं का, विचारलं.

"अर्धंच."

उद्या दोघी इस्पितळात जातोय. उरलेलं विचारायला.