मनगटावरचं अक्षर

दि. ३ मार्च

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

तुझ्या ऑपरेशनसाठी रक्त मी देणार, अशी बढाई मारली होती ना? फसलो. रक्तपेढीचा चॅटबॉट आहे, फोनवर लिहिलं की उत्तर देतो. वय झालं, वजन झालं, मग विचारतो, वर्षभरात गोंदवून घेतलंय का? मावशी, दोन महिन्यांपूर्वीच माझ्या त्या मैत्रिणीच्या नावाचं पहिलं अक्षर मनगटावर गोंदवलं, आणि आठवड्यात तिचं लग्न दुसरीकडे ठरलं! 'नाही' टाइप केलं होतं. पण रक्त तुझ्या अंगात जाणार, म्हणून पुसून खरं लिहिलं. तर आभार मानून म्हणतो, गोंदवल्यापासून वर्षभर थांबा. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो शांतच. वर विचारतो, तुमच्या गटाचं घरात कुणी आहे का?

तुझ्या-माझ्यासारखे ओ निगेटिव्ह घरात फक्त बाबा. कॉलेज सोडल्यापासून आमचं बोलणं बंद. सगळी चॅट त्यांना पाठवून दिली, स्वतःचा एक शब्द न लिहिता. आता त्यांच्या हातात.

रागावलीस तरी लोभ तेवढाच ठेव.

तुझा,
तडतड्या


दि. १९ मार्च

चि. तडतड्यास अनेक आशीर्वाद.

काल घरी आले, स्वतःच्या पायांनी. डॉक्टर म्हणाले, रक्त हाताशी होतं म्हणून निभावलं. तुझे बाबा सुईला किती घाबरतात! त्या बॉटला त्यांनी तीनदा विचारलं, दुखतं का. तिन्ही वेळा त्याने न कंटाळता सांगितलं, मुंगी चावल्यासारखं. एवढी सबुरी आपल्या घरात कुणाकडे आहे, सांग!

मला भेटायला आले ते कोपराशी कापूस धरूनच. म्हणाले, कार्ट्याने कॉलेज सोडलं, पण खोटं बोलला नाही. हे त्याला सांगू नकोस, असंही म्हणाले. म्हणून सांगतेय.

तुझे उपकार फेडणार नाही, लाड करीन.

तुझी,
मावशी


दि. १० जानेवारी

ती. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

वर्ष संपल्याचं बॉटनेच कळवलं. मी विसरलो होतो. हल्ली तीही रोज आठवत नाही. काल रक्तपेढीत गेलो, तर शेजारच्या खाटेवर बाबा! त्यांनाही निरोप गेलेला. इतके दिवस आमचं 'आईला विचार', 'आईला सांग' असंच चाललं होतं. त्यांनी सुई पाहिली, डोळे मिटले आणि हात लांबवून माझं मनगट घट्ट पकडलं, बरोब्बर त्या अक्षरावर. काही वेळाने मी म्हणालो, बाबा, मुंगी कधीच गेली. हं, म्हणाले. पण हात सोडला नाही.

तूही लोभ असाच धरून ठेव.

तुझा,
तडतड्या