मखराखालची माझी जागा

५ मार्च, राखेचा बुधवार. उपासाचे दिवस सुरू, कपाळावर राख.
डॉक्टरीणबाईंनी आज माझा अपमान केला. शुगर वाढलीय, पायांत रक्त नीट फिरत नाही, रोज चालत जा, म्हणे. वय काय त्यांचं! बाहेर पडतो तर दारात नीकानोर, मिरवणुकीत येशूचं मखर खांद्यावर वाहणाऱ्या आम्हा भोयांचा मुकादम. म्हणाला, एलादियोकाका, गेल्या गुड फ्रायडेला वळणावर तुमची बाजू कलली आणि अख्खं मखर तिरकं झालं. यंदा गुड फ्रायडेच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी, मखराची दांडी खांद्यावर देऊन बघतो. जमलं तर ठीक, नाहीतर तुमची जागा जावयाला.

जावई म्हणजे अर्नुल्फो! जेवताना तोंड उघडं ठेवणारा माणूस! येशूच्या मखराखालची ती जागा माझ्या वडिलांची. उद्यापासून चालणार. नदीकाठाने थेट दफनभूमीपर्यंत आणि परत. रोज.

६ मार्च, पहाट
मुलीने आणलेले बूट घातले. पोपटी. शी! मागदालेना नदीचा काठ बघून मळमळलं. कुत्र्यांची घाण, इग्वानांची घाण आणि घामेजलेली म्हातारी माणसं, हात झुलवत, दिसेल त्याला सुप्रभात म्हणत. या वयात एवढा उत्साह बघवत नाही. बायको सोबत आली. म्हटलं, दिओसेलिना, तुझे गुडघे दुखतात, तू आपली मागून सावकाश ये. ती पुढे निघून गेली. बूट चावले. परतलो.

९ मार्च
तीन दिवस विश्रांती घेऊन विचार केला. सरळ तर गाढवंही चालतात. मला मिरवणुकीत चालायचंय, मग प्रॅक्टिसही तिच्याच चालीची हवी. दोन पावलं पुढे, एक मागे, मध्ये डोलणं. आमच्या सगळ्या मोंपोस गावात हे कुणाला सुचलं नाही. लोकांच्या डोक्यात भुसा भरलाय.

१८ मार्च, संध्याकाळ
नवी पद्धत उत्तम. पहाट सोडली, आता ऊन उतरल्यावर निघतो. अडचण एकच. त्या वेळी गल्लीभर लोक झुलत्या खुर्च्या दारात मांडून बसलेले असतात. त्यांच्यासमोरून न टेकता पुढे जाणं आपल्याकडे बरं दिसत नाही. आज पेत्रोना म्हातारी ओरडली, अहो, येताय की जाताय? एकदाचं ठरवा, म्हणजे कॉफी टाकायची का ते कळेल! बसावं लागलं. तिने तळलेला मासा पुढे केला, तेल ठिबकत होतं. किळसवाणा. दोन खाल्ले, तिचं मन मोडवेना. खुर्ची मात्र पायाने झुलवत होतो. पोटऱ्यांना व्यायाम तोच. हे चालण्यातच धरतो.

दिओसेलिना म्हणे दफनभूमीला वळसा घालून आली.

३१ मार्च
दवाखाना. दिओसेलिनाचं प्रेशर उतरलं, गुडघे दुखायचे थांबले, रात्री झोप लागते. हे मला नव्याने सांगायला नको, ती घोरते. माझी शुगर आणखी वर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, चालता ना? म्हटलं, न चुकता. त्यांचं मशीन बिघडलंय. भिंतीवर पालही होती.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
टेस्ट झाली. दांडी घेतली, चर्चच्या कोपऱ्यापर्यंत अगदी झोकात गेलो. कोपरा दाराजवळच आहे, हे खरं. मग डोळ्यांपुढे काजवे. नीकानोर म्हणाला, ठेवा खाली, काका, देवाच्या आधी तुम्ही जाल! सगळे दात काढून हसले. अर्नुल्फोने पळत जाऊन पाणी आणलं. ते प्यावं लागलं. त्याचीच जास्त किळस आली.

रात्री दिओसेलिनाला म्हटलं, दांडी वाकडी होती. ती म्हणाली, असेल हो. आणि पाठ चोळून दिली.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
जागा अर्नुल्फोला गेली. म्हटलं, खांदा नाही तर नाही, बाजूने चालतो. त्याच्या चुका दाखवायला कुणीतरी हवं. सुरुवातीला बरोबर होतो. मग पोटऱ्यांत गोळे आले, छाती भात्यासारखी हलायला लागली. भिंतीला टेकलो. जगातली सगळ्यात हळू मिरवणूक, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि ती मला मागे टाकून गेली.

वळणावर मखर कलतं का, ते मान वर करून पाहत राहिलो. कललं नाही.

पुढे गेलेली दिओसेलिना मला घरी न्यायला परत आली. साधी धापही लागली नव्हती तिला.