हॉटेलची परीक्षा मागच्या दारातून

११ मे, सकाळी
परदेशात पोचलो. चौदाला लग्नाला पंचवीस वर्षं. बायकोचं मागणं एकच. म्हणाली, पंचवीस वर्षं आपल्या खाणावळीत मी लोकांना वाढतेय, एकदा भारी हॉटेलात बसून मला कुणीतरी वाढू दे. आणि यावेळी मारामारी केलीत तर मी एकटी जाऊन जेवीन. मी शब्द दिला. हात उचलणार नाही.
सोबत बायकोची ताई आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू. त्याने फोनवर दोन मिनिटांत नदीकाठचं हॉटेल काढलं. खूप स्टार आहेत म्हणे. स्टार देणाऱ्यांना काय कळतं? मी कुणाकडे न शिकता दोनशे पानांचा स्वयंपाक करतो. हॉटेल पारखायचं मागच्या दारातून.

११ मे, दुपारी
पहिलं हॉटेल. पातेल्याच्या बुडाला काजळी. बोटावर घेऊन भांडीवाल्याच्या नाकासमोर धरली. त्याने बोट पिरगळलं. मी हात उचलला नाही. पाय उचलला. तो सिंकवर आपटला, मग दोघांनी मला कचऱ्याच्या डब्यांवर फेकलं. हॉटेल नापास. बायकोला सांगितलं, बोट लिफ्टमध्ये अडकलं.

१२ मे
दुसरं हॉटेल. सुरी बोथट. त्यांची भाषा येत नाही, म्हणून आचाऱ्याच्या हातातून सुरी घेऊन दाखवायला गेलो. लोक फार लवकर गैरसमज करून घेतात. चौघे अंगावर आले. पाठीत तवा बसला. एकजण म्हणतो मी त्याचा कान चावला. त्याचा कान माझ्या दातांत आला, इतकंच.
साडूने विचारलं, भाऊ, शर्टाची बाही कुठे गेली? उकडत होतं म्हटलं.
बायको ठेवणीतल्या साडीला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, उद्यापर्यंत ठरवा, नाहीतर मी भाऊजींना सांगते नदीकाठचं बुक करायला.

१३ मे
सापडलं. भांडी लखलखीत, सुऱ्यांना धार. पुढच्या दाराने जाऊन टेबल बुक केलं. बायको हसली. कधी नव्हे ते मला चहा न मागता मिळाला. साडूने फोन खिशात ठेवला.

१४ मे, संध्याकाळी
सगळं तयार. फक्त आधी जाऊन सूप चाखून येतो. बायको म्हणाली, नका जाऊ, माझ्यासाठी नका जाऊ. तिच्यासाठीच तर चाललोय.

१५ मे, दवाखाना
सूप अळणी होतं. मूठभर मीठ टाकलं. मुख्य आचाऱ्याने आधी चाखलं, मग डाव माझ्या तोंडावर हाणला. मी झाकण हाणलं. बशांची मांडणी दोघांवर कोसळली. माझा जबडा दोन ठिकाणी मोडला, तारेने बांधलाय. त्याचं नाक एकाच ठिकाणी. शब्द पाळायचा कसोशीने प्रयत्न केला, पण हात आपोआप उचलला गेला.

१५ मे, दुपारी
बायको आली. ताजीतवानी. काल नदीकाठच्या हॉटेलात एकटीच जेवली. मी कागदावर लिहून विचारलं, जेवण कसं होतं? म्हणाली, तीनदा वाढायला आले, मी एकदाही उठले नाही. खिडकीशी बसले होते. किती शांत होतं.
आज पुन्हा जाणार आहे. ताई-भाऊजींना घेऊन. मी बुक केलेलं टेबल तिने कालच रद्द केलं.
नदीकाठचं हॉटेल मी एकदाही नापास केलेलं नाही, याची नोंद असावी.