आज तरी काही दिसत नाही

माय, तुला जाऊन लई वर्षं झाली, आणि आज लातुरात सोनोग्राफीच्या टेबलावर पडल्या पडल्या मी मनात तुझ्याशीच बोलत होते. मागच्या वर्षी दादाही तुझ्याच दुखण्यानं गेला, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं. म्हणून डॉक्टरांनी मला दरवर्षी तपासून घ्यायला सांगितलंय. तू किनवटच्या आश्रमशाळेत पोरांसाठी भाकरी थापायचीस. पाठ दुखायला लागली तेव्हा सगळे म्हणाले, मोठी पातेली उचलून दुखते. मी तुला नांदेडला नेलं. वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही, बाकी नॉर्मल, असा रिपोर्ट आला. मोठ्या मशीनवर बघू का, असं मी विचारलं, तर तू चिडलीस. "चांगलं सांगून राहिले तर त्यात बी खोट काढतीस? मला काई झालं न्हाई." मग स्टँडवर उभ्या उभ्या जिलेबी खाल्लीस, मलाही भरवलीस. उन्हाळा संपायच्या आत तुझे डोळे पिवळे झाले. तेव्हा सगळ्यांनाच दिसलं, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आजची डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. पाणी पाजते, कुशीवर वळवते, पोट दाबते. "मावशी, हे स्वादुपिंड पोटात अगदी मागं असतं, मणक्याला लागून. पुढं जठर, आतड्यातला वायू. त्याच्या डोक्याकडचं दिसतंय, शेपटीकडचं दिसेना." म्हणून एमआरआय केला. संध्याकाळी ते फोटो लावून ती म्हणाली, "स्वादुपिंडातली नळी किंचित रुंद वाटते. काहींची असतेच तशी. सुरुवातीची गाठ आजूबाजूच्या भागासारखीच दिसते, वेगळी ओळखू येत नाही. तीन महिन्यांनी परत बघू."

"म्हणजे काही नाही ना?"

"आज तरी काही दिसत नाही. काही नाहीच, असं मी म्हणणार नाही."

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. कुकर लावला, बंद केला. गॅलरीत गेले, परत आले. लेकीलाही पुढं या टेबलावर पडावं लागेल का, हे विचारायचंच राहिलं. तिला फोन केलेला नाही, आणि तुला हे कुठं पाठवणार? तुला कुणीतरी असं स्पष्ट सांगायला हवं होतं, असं इतकी वर्षं म्हणत आले. पण खरं सांगू, माय? आज मला ते नको होतं. दवाखान्यातून निघताना जिना उतरून मी परत वर गेले. डॉक्टरणीला म्हणणार होते, बाई, एकदा खोटं का होईना, काही नाही म्हण. आत दुसरा पेशंट बसला होता. तशीच खाली आले.