बिनघराची नावं

१२ ऑगस्ट
पोचले एकदाची. राजधानी नूकपासून ग्रीनलंडच्या या टोकापर्यंत दोन विमानं, एक हेलिकॉप्टर आणि माझी कंबर, सगळ्यांनी साथ दिली. काम सोपं: जहाजातून आलेल्या पाहुण्यांना गाव दाखवायचं आणि परत होडीत घालायचं. गावात माणसांपेक्षा कुत्री जास्त आणि कुत्र्यांपेक्षा मतं. शेजारच्या गिडिऑननं, म्हाताऱ्या सीलशिकाऱ्यानं, बॅग उचलली. त्याच्या बहिणीनं, दोर्तेनं, कॉफी आणि मनुक्यांचा केक खिलवला. पन्नाशीत बाईनं एकटीनं एवढ्या लांब येऊ नये म्हणाली. मी म्हटलं, नवरा असता तर याहून लांब गेले असते. पोट धरून हसली.

१६ ऑगस्ट
पहिलं जहाज. लाल जाकिटांची वरात. हे पाहुणे कुत्र्यांचा फोटो विचारून काढतात, माणसांचा न विचारता. दोर्तेनं एका जर्मन आजोबांना कॉफीला नेलं आणि हसत हसत त्यांचं बारसंच केलं: मिकाएल! मेलेल्याचं नाव आम्ही ग्रीनलंडवाले नव्या बाळाला देतो. नावाबरोबर माणूसही परततो. पण पाहुण्याला? मी टोकलं. तर म्हणते, अगं, इथे बाळं होतातच कुठे? एप्रिलात समुद्रावरचं बर्फ पायाखाली फुटलं. मिकाएल गेला, गिडिऑनची बायको एवा गेली, त्यांची धाकटी लेक नुका गेली. नावं काय बाहेर थंडीत उभी ठेवायची?

१८ ऑगस्ट
जहाज गेलं. जर्मन आजोबा मिकाएलच्या पायरीवर बसलेत. लाल जाकीट नाही. मिकाएलची कुत्री कुणाला जवळ येऊ देत नव्हती. आजोबांच्या एका शिवीसरशी गप्प. शिवी अस्सल इथली, मलाही धड कळली नाही. जहाजावर फोन लावला. आजोबा स्वतःच सांगून उतरले म्हणे: घरी आलोय.
त्यांची बायको जर्मनीत आहे. परवा तिच्यासाठी किनाऱ्यावर खडे वेचत होते.

२५ ऑगस्ट
दोर्तेकडे कॉफी. केकचा दुसरा तुकडा पुढे करत म्हणाली, घे गं एवा. मी म्हटलं, मी बोलाट्टा. सगळे असे हसले, जणू एवा नेहमीच असले विनोद करायची. गिडिऑन हसला नाही. बघत राहिला.
आता कॉफी माझी मीच करून पिणार. त्या किटलीत काय असतं, देव जाणे.

३० ऑगस्ट
एक दाढीवाला बाप्या मला एवामावशी म्हणाला. दुकानदारानं न मागता तंबाखू पुढे सरकवली, तुमची नेहमीची म्हणून. मी ओढत नाही.
ओढली. बरी वाटली.

५ सप्टेंबर
शेवटचं जहाज परवा. मग समुद्र गोठेल. काही झालं तरी त्यात चढायचं. गिडिऑन अडवत नाही — तेच खटकतं. त्याचा फाटका बूट मी शिवून दिला. सीलच्या कातड्याला टाका कसा घालतात, मला कुणी कधी शिकवलं —
कॉफीत काही नव्हतं. मीच केली होती.

७ सप्टेंबर
किनाऱ्यावर. मी बोलाट्टा. नूकची. मूलबाळ नाही. नाही.
होडी लागली. लाल जाकिटं उतरतायत. खलाशी मला हात करतोय — चला, चढा.
त्यांच्यात एक मुलगी. वेणी सुटलेली. हसताना मान कलते — अगदी आमच्या नुकाची —
टोपी घातली नाही कार्टीनं. एवढ्या वाऱ्यात.
खलाशी ओरडतोय. थांब म्हणावं. नुसती एकदा नुका म्हणून हाक मारून बघते. वळली तर —