पडद्यावर डकवलेला ट्रेसिंग पेपर

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की फोटोतली तुमची मिशी माझ्या मुलीला नकली वाटते. मला मात्र तुम्ही आठवता ते आर्किटेक्टच्या ऑफिसातले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुम्ही तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, मी कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकतीच लागलेली. चामराजपेटहून आपण एकाच बसनं जायचो, पण उतरल्यावर तुम्ही भराभर पुढे निघून जायचात, बापाच्या वशिल्यानं लागली असं कुणी म्हणायला नको म्हणून. तुमच्या हातच्या इमारतींचे चेहरे मी लहानपणापासून ओळखत होते: सरळ भिंत, खिडकीवर छज्जा, जिन्यापाशी सिमेंटची जाळी. साचा एकच, म्हणून जाळीची नक्षीही एकच. त्यात काही कमीपणा नव्हता. आत गारवा असायचा आणि बाहेरून सगळं नेटकं दिसायचं.

मग के. आर. पुरमच्या रस्त्यावरचं ते काम आलं. गिऱ्हाइकाला वळत जाणारी काचेची भिंत हवी होती, प्रत्येक तावदान थोडं वेगळ्या कोनात. हातानं ते आखायला तुम्हाला आठवडे लागले असते. मी कॉम्प्युटरवर ते एका दुपारी उभं केलं आणि सगळ्या बाजूंनी फिरवूनही दाखवलं. साहेबांनी सगळ्यांसमोर तुम्हाला सुनावलं, "उगादीला नवं वर्ष लागेपर्यंत हे शिका, नाहीतर टेबल रिकामं करा." तुम्ही मान डोलावून नुसतं "सरी" म्हणालात. मला साहेबांचा असा संताप आला होता! पण शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

एकही रेघ न हलता ओढणारा तुमचा हात, आणि त्याखाली माउस. बाण पडद्यावर सैरावैरा पळतोय. "स्वल्प थांब गं, आत्ता इथंच होता की!" मी हसते, तुम्हीही हसता, आणि मग तुमचे कान लाल होतात. एका दुपारी तुम्ही माउस सोडून उठलात आणि बाहेर गेलात. मला वाटलं, संपलं, आता हे परत येत नाहीत. बस स्टॉपपर्यंत जाऊन बघून आले. परतले तर तुम्ही माझ्या खुर्चीवर, आणि मॉनिटरच्या काचेवर चिकटपट्टीनं ट्रेसिंग पेपर डकवलेला! पडद्याच्या उजेडात तुम्ही माझ्या इमारतीच्या रेघा पेन्सिलीनं गिरवत होता. सगळं ऑफिस पोट धरून हसलं.

"अण्णा, हे काय?"

"काय म्हणजे? आत दिवा असलेलं टेबलच आहे की हे. फक्त या काचेला पोट सुटलंय, कडेच्या रेघा वाकतात. त्या मी सरळ करून घेतो."

गिऱ्हाईक आलं आणि माझा पडदा बघून म्हणालं, "ही कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कसली?" त्याचं तरी काय चुकलं? आमचा कॉम्प्युटर तेव्हा नुसत्या रेघाच दाखवायचा. तुम्ही हळूच तो कागद पुढे केलात. रंगीत पेन्सिलीनं काचेत ढग उतरले होते, फाटकाशी स्कूटर, शेजारी गुलमोहर, आणि त्याची सावली भिंतीबरोबर वळलेली. "हां, ही माझी बिल्डिंग!" त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की बसमध्ये मी तुमच्या शेजारी बसून सारखी बडबडत होते. मग आपली जोडीच जमली. वळणं मी काढायची, जीव तुम्ही घालायचा. उगादी आली नि गेली, टेबलाचं नाव कुणी काढलं नाही. निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथंच बसलात.

आता दर्शनी भिंती तशाही आखत नाहीत, अण्णा. ऊन कुठून येतं ते सांगितलं की प्रोग्रॅमच भिंतीपुढच्या पत्र्यावरची जाळी आखतो, एक भोक दुसऱ्यासारखं नाही, आणि मशीन ती जशीच्या तशी कापतं. देखणी दिसते, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे नवीनच लागलेली एक पोरगी मला ते शिकवतेय. गोड आहे, "मॅडम, सोप्पं आहे" म्हणते. आज ती चौथ्यांदा तेच समजावत होती तेव्हा मी फोन आल्याचं निमित्त केलं आणि जिन्यात जाऊन रडले.

तुम्हाला मी काय काय शिकवलं, पण त्या दुपारी बाहेर पडून तुम्ही कुठं गेला होता, आणि परत येऊन त्या खुर्चीवर कसे बसलात, हे कधी विचारलंच नाही. मी अजून जिन्यातच बसलेय, वर जाता आलेलं नाही. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते: मला भीती वाटतेय, अण्णा.